पासवर्डमधला झीरो एरर : सरकारी गुपितं आणि माणसांच्या ठरलेल्या चुका



मागच्या दोन लेखांत आपण साहित्याचा आढावा कसा घ्यायचा ते पाहिलं. त्यावर पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : "विज्ञानाच्या विद्यार्थ्याने इतके जुने पेपर वाचून काय मिळवायचं? शेवटची पाच वर्षं पुरत नाहीत का?" काही विषयांत पुरतात. पण काही विषय असे असतात, की त्यातली आजची अडचण कुणीतरी नव्वद वर्षांपूर्वीच ओळखलेली असते आणि मधल्या काळात प्रत्येक पिढी ती नव्याने ओळखत राहते. पासवर्ड हा त्यातलाच एक विषय. माझं पीएचडीचं काम संगणक सुरक्षेच्या इतिहासावर आहे, त्यामुळे आज उदाहरण घरचंच घेते.

नियमात बसणारा पासवर्ड

जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या 'डिपार्टमेंट ऑफ द इंटिरियर' या खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने एक अहवाल प्रसिद्ध केला. नाव ऐकून गृहखातं वाटतं, पण हे खातं सरकारी जमिनी, राष्ट्रीय उद्यानं, धरणं वगैरे सांभाळतं. तपासणी करणाऱ्यांनी खात्यातल्या ८५,९४४ चालू खात्यांचे हॅश घेतले. हॅश म्हणजे काय ते एका वाक्यात सांगते : सिस्टीम तुमचा पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही, त्याचं एक गणिती रूप साठवते. पासवर्डवरून हॅश लगेच काढता येतो, पण हॅशवरून पासवर्ड मागे काढता येत नाही. मग फोडणारा काय करतो? शब्द घेतो, त्याचा हॅश काढतो, जुळतो का बघतो. नाही जुळला तर पुढचा शब्द.

या कामासाठी त्यांनी १५,००० डॉलरपेक्षा कमी खर्चात एक यंत्र जुळवलं. पहिल्या ९० मिनिटांत १६ टक्के पासवर्ड फुटले. शेवटी आकडा गेला १८,१७४ वर, म्हणजे २१ टक्के. त्यात २८८ खाती विशेष अधिकारांची होती आणि ३६२ वरिष्ठ अधिकाऱ्यांची. सगळ्यात जास्त वेळा सापडलेला पासवर्ड होता 'पासवर्ड-१२३४' : इंग्रजीतला तोच शब्द, पहिलं अक्षर कॅपिटल, मग आडवी रेघ आणि चार आकडे. तो ४७८ खात्यांवर होता.

हे वाचल्यावर आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली : "काय हा निष्काळजीपणा!" पण जरा थांबून हा पासवर्ड मोजा. अक्षरं १३. कॅपिटल आहे, लहान अक्षरं आहेत, चिन्ह आहे, आकडे आहेत. खात्याच्या नियमात तो व्यवस्थित बसत होता. फुटलेले जवळजवळ सगळेच पासवर्ड नियमात बसणारे होते. अहवालाने खुद्द नियमांनाही कालबाह्य आणि निरुपयोगी ठरवलं.

मग चूक नेमकी कुणाची? आणि ती कोणत्या प्रकारची?

एफ.वाय.चं प्रॅक्टिकल आठवा

स्क्रू गेज हातात घेतला की सर आधी काय विचारायचे? "झीरो एरर किती?" कारण चुका दोन तऱ्हेच्या असतात. रँडम एरर कधी जास्त भरते, कधी कमी. दहा वाचनं घेऊन सरासरी काढली की बरीचशी निघून जाते. सिस्टिमॅटिक एरर मात्र दर वेळी त्याच दिशेने आणि साधारण तेवढीच येते. हजार वाचनं घेतली तरी ती जात नाही. पण तिचा एक फायदा असतो : एकदा मोजली की ती वजा करता येते.

आता 'मानवी चूक' हा शब्दप्रयोग बघा. अपघात, डेटा चोरी, गळती, कुठल्याही चौकशीच्या शेवटी तो येतो. तो वाचताना आपल्या मनात रँडम एरर असते : कुणीतरी एक बेसावध होता, कुणीतरी एक आळशी होता, बाकी सगळं ठीक होतं. पण ४७८ माणसं एकमेकांना न विचारता एकाच ठिकाणी पोचली असतील, तर ती रँडम नाही. ती यंत्राची झीरो एरर आहे.

माझं म्हणणं इतकंच आहे : सरकारी गुपितांच्या इतिहासात माणसांच्या चुका बहुतेक वेळा सिस्टिमॅटिक होत्या आणि त्यांची दिशा नियमानेच ठरवून दिली होती. हल्लेखोरांनी ही चूक मोजली, नियम लिहिणाऱ्यांनी बराच काळ मोजली नाही. आता पुरावे बघू.

तीन अक्षरांची किल्ली

१९३२ सालचं पोलंड. जर्मन सैन्य एनिग्मा हे यंत्र वापरून संदेश सांकेतिक करत होतं. यंत्राचं त्या दिवसाचं सेटिंग सगळ्यांना सारखं असायचं, पण प्रत्येक संदेशासाठी ऑपरेटरने स्वतःच्या मनाने तीन अक्षरं निवडायची असत. ही अक्षरं तो दोनदा सांकेतिक करून संदेशाच्या सुरुवातीला पाठवायचा. आजच्या भाषेत बोलायचं तर तीन अक्षरांचा, एकदाच वापरायचा पासवर्ड.

तीन अक्षरांच्या शक्यता किती? २६ गुणिले २६ गुणिले २६, म्हणजे १७,५७६. कागदावर उत्तम आकडा. पण ऑपरेटर काही फासे टाकून अक्षरं निवडत नव्हता. तो एएए घ्यायचा, बीबीबी घ्यायचा. मारियन रेयेव्स्की हा तरुण पोलिश गणितज्ञ दिवसभरातले साधारण ८० संदेश घेऊन त्यांच्या सुरुवातीच्या सहा अक्षरांवर क्रमचयांचं गणित मांडत होता. गणित त्याला एका मर्यादेपर्यंत नेत होतं, तिथून पुढे काही पर्याय शिल्लक राहत. त्यातला खरा कुठला हे ठरवायला त्याने ऑपरेटरची सवय वापरली : ज्या पर्यायात एएए, बीबीबीसारख्या किल्ल्या भरपूर दिसतात, तोच खरा. फ्रेंच गुप्तचरांकडून आलेली कागदपत्रंही मदतीला होती. डिसेंबर १९३२ मध्ये त्याने यंत्राची आतली जोडणी शोधून काढली.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जर्मनांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तीन सारखी अक्षरं वापरायला बंदी केली. १७,५७६ पैकी फक्त २६ शक्यता नियमाने कमी झाल्या. पण ऑपरेटरांनी काय केलं? ते कुठलंच अक्षर दोनदा घेईनासे झाले. म्हणजे एएबी, एबीए वगैरेही बाद. उरल्या १५,६०० शक्यता आणि वर 'इथे अक्षर पुन्हा येत नाही' ही नवी ओळखखूण. रेयेव्स्कीने नंतर लिहून ठेवलं आहे, की ही नवी सवयसुद्धा किल्ल्या शोधायला पुरेशी ठरली. काही जण कीबोर्डवरची शेजारची अक्षरं घ्यायचे, ती तर आणखी सोपी.

नियम आला आणि चूक गेली नाही, फक्त सरकली. आणि जिथे सरकली तिथे ती पुन्हा सगळ्यांची सारखीच होती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

जुलै १९३९ मध्ये पोलिश मंडळींनी आपलं सगळं काम ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हवाली केलं. फेब्रुवारी १९४० मध्ये ब्लेचली पार्कमधल्या जॉन हेरिवेल या २१ वर्षांच्या केंब्रिजच्या विद्यार्थ्याने सवयीचा हाच धागा पुढे नेला. त्याने स्वतःला जर्मन ऑपरेटरच्या जागी ठेवून बघितलं. सकाळी चाकं बसवली, त्यांवरच्या कड्या त्या दिवसाच्या खुणेवर लावल्या. आता पहिला संदेश पाठवायचा. नियम सांगतो चाकं कुठेतरी लांब फिरव. पण माणूस दमलेला असेल, घाई असेल, तर? तो चाकं आहेत तिथेच किंवा जवळपास ठेवील. मग सगळ्या केंद्रांचे दिवसातले पहिले संदेश घेऊन त्यांची सुरुवातीची उघडी अक्षरं एका चौकोनी तक्त्यावर मांडली, तर ठिपक्यांचा एक पुंजका दिसायला हवा.

फेब्रुवारीत पुंजका दिसला नाही. मार्चमध्ये नाही, एप्रिलमध्ये नाही. १ मे १९४० ला जर्मनांनी किल्ली दोनदा पाठवायची पद्धत बंद केली आणि पोलिश तंत्र निकामी झालं. १० मे रोजी फ्रान्सवर आक्रमण सुरू झालं, ऑपरेटरांवर कामाचा भडिमार झाला आणि त्याच महिन्यात पुंजका दिसू लागला. ऑगस्टमध्ये सुधारित यंत्र येईपर्यंत जर्मन हवाई दलाचे संदेश मुख्यतः अशा सवयींच्या आधारावर वाचले गेले. तेच ऑपरेटर, तोच नियम. बदलला होता तो कामाचा ताण.

३,२८९ पासवर्ड

आता उडी थेट १९७९ वर. मधल्या काळात एका संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करायची सोय झाली होती आणि १९६० च्या दशकात एमआयटीच्या यंत्रणेवर प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवायला पासवर्ड आला होता. बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्सवरच्या पासवर्डविषयी एक छोटा पेपर लिहिला. संशोधनाची सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा, कारण त्यात मधोमध एक साधं कोष्टक आहे.

त्यांनी ३,२८९ पासवर्ड गोळा केले आणि वर्गवारी केली. एकच अक्षर : १५. दोन अक्षरं : ७२. तीन : ४६४. चार अक्षरं किंवा आकडे : ४७७. पाच अक्षरं, सगळी कॅपिटल किंवा सगळी लहान : ७०६. सहा लहान अक्षरं : ६०५. उरलेल्यांपैकी ४९२ शब्दकोशांत, नावांच्या याद्यांत वगैरे सापडले. बेरीज २,८३१, म्हणजे ८६ टक्के.

या कोष्टकानंतर ते "लोक बेपर्वा आहेत" असं म्हणून थांबले नाहीत. लोक असेच वागणार हे धरून त्यांनी यंत्रणा बदलली. हॅश काढायची क्रिया मुद्दाम संथ केली, म्हणजे फोडणाऱ्याला प्रत्येक शब्दामागे जास्त वेळ लागावा. शिवाय प्रत्येक पासवर्डमध्ये एक यादृच्छिक तुकडा मिसळला, ज्याला 'सॉल्ट' म्हणतात. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळा येतो आणि एक यादी तयार करून सगळ्यांवर चालवता येत नाही. दोन्ही कल्पना आजही वापरात आहेत. झीरो एरर मोजली आणि उपकरणातच दुरुस्ती केली, असंच म्हणायला हवं.

मात्र त्याच पेपरमध्ये दुसरं बीजही आहे : पासवर्ड फार छोटा आणि नुसत्या अक्षरांचा असेल तर प्रोग्रामने मोठा मागावा. वापरणाऱ्याला नियम लावण्याची ही सुरुवात.

एक सूत्र आणि त्यातलं गृहीतक

१९८५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पासवर्ड व्यवस्थापनाची मार्गदर्शिका काढली. हिरव्या मुखपृष्ठामुळे तिला 'ग्रीन बुक' म्हणतात. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याचं गणित त्यात स्वच्छ मांडलं आहे. पासवर्ड ओळखला जाण्याची शक्यता काढायची कशी? पासवर्डचं आयुष्य गुणिले अंदाज बांधण्याचा वेग, भागिले एकूण शक्य पासवर्ड.

करून बघू. समजा पासवर्ड आठ लहान अक्षरांचा आहे. एकूण शक्यता २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी. कुणी मिनिटाला १० अंदाज करतंय आणि पासवर्ड वर्षभर तोच आहे, तर अंदाज होतील ५२,५६,०००. भागाकार केला की शक्यता येते साधारण ४० हजारांत एक. दर महिन्याला पासवर्ड बदलला तर ती बाराव्या हिश्श्यावर येते. गणित बरोबर आहे.

पण छेद बघा. 'एकूण शक्य पासवर्ड' ही संख्या खरी कधी? प्रत्येक पासवर्ड निवडला जाण्याची शक्यता सारखी असेल तेव्हा. ग्रीन बुकच्या लेखकांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी पासवर्ड यंत्राने तयार करून द्यावा असं सुचवलं आणि मुदत ठेवली ती जास्तीत जास्त एक वर्ष. पुढे कचेऱ्याकचेऱ्यांत जे घडलं त्यात मुदत राहिली, उलट कमी कमी होत गेली. यंत्राने पासवर्ड द्यायची शिफारस मात्र गळून पडली. सूत्र तेच, गृहीतक गायब. प्रबंधात असं झालं तर व्हायवाला पहिला प्रश्न त्यावरच येईल.

७५ सेंट आणि ४३२ शब्द

गृहीतक गेल्यावर काय होतं हे लगेच दिसलं. ऑगस्ट १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला. तो शोधायचं काम क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाकडे आलं. कुणीतरी न सांगता यंत्रणा वापरत होतं. स्टोलने त्याला हाकलून दिलं नाही. येणाऱ्या टेलिफोन लाइनींना प्रिंटर जोडले आणि घुसखोर काय काय टाइप करतो ते सगळं कागदावर घेतलं. एका वर्षाहून कमी काळात धागा पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत गेला. मार्कुस हेस आणि त्याचे साथीदार माहिती केजीबीला विकत होते. १९९० मध्ये त्यांना शिक्षा झाली, ती निलंबित स्वरूपाची होती.

बर्कलीची प्रयोगशाळा हेसला पायरीसारखी होती, त्याचा रोख होता लष्करी जाळ्यातल्या संगणकांवर. ते उघडायला त्याने फार काही अवघड केलं नाही. बर्कलीत एका प्रोग्राममधली फट वापरली, पण पुढे बऱ्याच ठिकाणी कंपनीने यंत्राबरोबर दिलेले मूळ पासवर्डच चालले : 'गेस्ट' या खात्याला 'गेस्ट', 'फील्ड'ला 'सर्व्हिस', 'सिस्टीम'ला 'मॅनेजर'. काही लोकांनी दुसऱ्या यंत्रांचे पासवर्ड आपल्या फायलींत लिहून ठेवले होते, तेही सापडले.

स्टोलने १९८८ च्या आपल्या लेखात आकडे दिले : सुमारे ४५० संगणकांवर प्रयत्न, ३० हून अधिक उघडले. म्हणजे शंभर दारांमागे साधारण सात. हा आकडा कमी वाटतो? राखणदाराला शंभरही दारं बंद ठेवावी लागतात, चोराला सात पुरतात. आणि मूळ पासवर्ड न बदलणं ही चूकही रँडम नाही. यंत्र विकत घेताना पासवर्ड बदलण्याची सक्ती कुठे नव्हतीच, त्यामुळे तो देशभर त्याच जागी, तसाच राहिला.

नोव्हेंबर १९८८ मध्ये कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेला 'वर्म' इंटरनेटवर पसरला. हा १९७९ च्या पेपरवाल्या मॉरिस यांचा मुलगा. वडील तोवर अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत संगणक सुरक्षेचे मोठे अधिकारी होते. वर्म काही प्रोग्राममधल्या फटी वापरायचा आणि त्याचबरोबर पासवर्ड ओळखायचा. कशावरून? खात्याचं नाव, माणसाचं नाव, ती उलटी करून आणि सोबत असलेली ४३२ शब्दांची यादी.

आता ग्रीन बुकचं सूत्र पुन्हा घ्या. माणूस या यादीतला शब्द निवडत असेल, तर छेदात २०,८८३ कोटी नसतात, ४३२ असतात. मिनिटाला १० अंदाज धरले तर सगळी यादी ४३ मिनिटांत संपते. इथे पासवर्ड दर महिन्याला बदलला काय आणि दर आठवड्याला बदलला काय!

ज्याला डेटा मिळाला नाही

१९९९ मध्ये लंडनमध्ये काम करणाऱ्या अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सॅस यांनी पासवर्ड वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांशी बोलून एक लेख लिहिला. पेपरचं शीर्षकच सांगत होतं की वापरणारा माणूस शत्रू नाही. एकाच माणसाला अनेक पासवर्ड, ते सारखे बदलायचे, वर कामाची गडबड. मग लोक लिहून ठेवतात, किंवा जुन्यालाच एक आकडा जोडतात. म्हणजे सुरक्षेच्या नियमानेच असुरक्षित वागणूक तयार होते. हे छापून आलं, पुष्कळ वाचलं गेलं, पण सरकारी नियमांची दिशा बदलली नाही.

त्यानंतर चारपाच वर्षांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत, म्हणजे निस्टमध्ये, बिल बर या अधिकाऱ्याने पासवर्डच्या ताकदीवर एक परिशिष्ट लिहिलं. कॅपिटल, आकडा, चिन्ह आणि ठरावीक मुदतीने बदल, हा जो साचा पुढे जगभरच्या कचेऱ्यांत आणि बँकांत गेला, त्याला मोठा आधार या कागदाचा मिळाला. त्यातली पद्धत अशी : माणसाने निवडलेल्या पासवर्डच्या पहिल्या अक्षराला ४ बिट, पुढच्या सात अक्षरांना प्रत्येकी २ बिट. आठ अक्षरांचे झाले १८. कॅपिटल आणि चिन्हाची सक्ती असेल तर आणखी ६ बिटांचा बोनस. ६ बिट म्हणजे ओळखायला ६४ पट अवघड.

हे ४ आणि २ आले कुठून? क्लॉड शॅननने १९५१ मध्ये साध्या इंग्रजी मजकुराबद्दल बांधलेल्या अंदाजांवरून. इंग्रजी गद्याचा डेटा होता, पासवर्डचा नव्हता. २०१७ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'शी बोलताना निवृत्त बर यांनी सांगितलं, की त्यांनी आपल्या संस्थेच्या संगणक व्यवस्थापकांकडे खरे पासवर्ड अभ्यासायला मागितले होते. गोपनीयतेचं कारण देऊन ते नाकारले गेले. वेळेचा तगादा होता, म्हणून १९८० च्या दशकातल्या जुन्या कागदावर बराच भार टाकावा लागला. आपण लिहिलेल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो, असंही ते म्हणाले.

या माणसावर हसणं सोपं आहे, पण त्याने डेटा मागितला होता. आणि नाकारणाऱ्यांचंही कारण खोटं नव्हतं, कुणाचे पासवर्ड कुणाला दाखवणं योग्य नाहीच. अडचण ही, की डेटा नसताना ६ बिटांचा आकडा 'मोजलेला' म्हणून पुढे गेला. प्रत्यक्षात तो अंदाज होता.

आकडे हाती आल्यावर

डिसेंबर २००९ मध्ये 'रॉकयू' नावाच्या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला जाऊन उघड झाले. संशोधकांना पहिल्यांदाच एवढा मोठा नमुना मिळाला, तोही चोरीतून. २०१० मध्ये त्यावर झालेल्या कामात दिसलं, की बिटांची ती बेरीज प्रत्यक्ष फोडण्याच्या अवघडपणाशी जुळत नाही. लोक कॅपिटल पहिल्या जागी घालतात, आकडे शेवटी घालतात. एनिग्माच्या ऑपरेटरसारखंच : नियम आला आणि चूक ठरलेल्या जागी सरकली.

त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या तिघांनी मुदतीचा प्रश्न घेतला. विद्यापीठात दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलावा लागायचा. त्यांना बंद झालेल्या १०,००० हून अधिक खात्यांचे जुने हॅश अभ्यासायला मिळाले, एकूण ५१ हजारांवर. प्रश्न नेमका होता : जुना पासवर्ड माहीत असेल तर नवा ओळखायला किती वेळ लागतो? १७ टक्के खात्यांमध्ये पाच अंदाजांच्या आत. हॅश हाती असेल तर ४१ टक्क्यांमध्ये तीन सेकंदांत. शेवटचा १ जाऊन २ येतो, चिन्हाची जागा बदलते, इतकंच.

२०१६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ लॉरी क्रेनर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या मुख्य तंत्रज्ञ झाल्या. त्यांना सहा सरकारी पासवर्ड दर ६० दिवसांनी बदलावे लागत होते. हे अभ्यास त्यांनी सरकारी यंत्रणेसमोर ठेवले आणि जाहीर लिहिलं की सक्तीच्या बदलाचा फेरविचार करा. जून २०१७ मध्ये निस्टने आपलं मार्गदर्शन उलटवलं : चिन्हं-आकड्यांची सक्ती नको, फुटल्याचा पुरावा नसेल तर ठरावीक मुदतीने बदल नको, लांब वाक्यं चालू द्या, आणि नवा पासवर्ड आधी फुटलेल्यांच्या यादीत आहे का ते यंत्रणेने तपासावं. ही शेवटची सूचना म्हणजे झीरो एरर वजा करणंच. 'पासवर्ड-१२३४' तिथे पहिल्याच फेरीत अडकला असता.

एक मर्यादाही सांगायला हवी. पासवर्ड कितीही चांगला असो, चोरीला गेला की संपलं. अमेरिकेच्या कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयातून २ कोटी १५ लाख लोकांच्या पार्श्वभूमी तपासणीच्या नोंदी आणि ५६ लाख लोकांचे बोटांचे ठसे चोरीला गेल्याचं २०१५ मध्ये उघड झालं. तिथे घुसखोरांनी एका कंत्राटदाराचं चोरलेलं लॉगिन वापरलं होतं. उपाय होता दुसरं कुलूप, म्हणजे कार्ड किंवा कोड. इंटिरियर खात्यात २०२३ च्या तपासणीत २८ सर्वांत महत्त्वाच्या यंत्रणांपैकी २५ वर ते दुसरं कुलूप नव्हतं. हे कुलूप बसवणं टेबलावर बसलेल्या कारकुनाच्या हातात नसतं.

तुमच्या प्रबंधासाठी

आता मूळ प्रश्नाकडे. या नव्वद वर्षांतून मी माझ्या कामासाठी चार सवयी घेतल्या आहेत, त्या तुम्हालाही उपयोगी पडतील.

एक. निष्कर्षात 'मानवी चूक' लिहायची वेळ आली, तर तिथे थांबू नका. चूक विखुरलेली आहे की एका जागी गोळा झाली आहे, ते आधी मांडून बघा. हेरिवेलचा तक्ता एवढंच करत होता. गोळा झाली असेल तर तिचं कारण माणसाच्या बाहेर शोधा : नियमात, फॉर्ममध्ये, कामाच्या ताणात.

दोन. जुनं सूत्र वापरताना त्याचं गृहीतकही सोबत लिहा. विशेषतः छेदात काय आहे ते. 'शक्य' असणं आणि 'प्रत्यक्ष घडणं' या दोन वेगळ्या संख्या आहेत.

तीन. डेटा मिळाला नाही तर तसं स्पष्ट लिहा. अंदाजाला दशांश चिन्ह लावलं म्हणून ते मोजमाप होत नाही. तुमच्यानंतर कुणीतरी तोच आकडा उचलून धोरण लिहील.

चार. माणसांचा डेटा घेताना नॉर्थ कॅरोलिनाच्या कामाकडे बघा. बंद खाती, हॅश स्वरूप, विद्यापीठाची मान्यता. 'गोपनीयता' आणि 'संशोधन' यांत वाट काढता येते. एथिक्स कमिटीचा फॉर्म कंटाळवाणा वाटला तरी तीच वाट आहे.

आणि हो, तुमच्या लॅबमध्ये मॉनिटरच्या कडेला पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली असेल, तर चिकटवणाऱ्याला रागवायच्या आधी एकदा विचारा, की त्याला असे किती पासवर्ड सांभाळावे लागतात आणि ते किती दिवसांनी बदलावे लागतात. उत्तर वहीत लिहून ठेवा. कदाचित तुमच्या प्रपोजलचा पहिला डेटा तोच असेल.

पुढच्या लेखात सॅम्पल साइज. तोवर तुमच्या विषयात 'मानवी चूक' म्हणून सोडून दिलेलं एखादं उदाहरण आठवलं तर नक्की कळवा.